कौसल्याबाईंचा पीपी नंबर

नागपूरच्या इंदोऱ्यात कौसल्याबाईंना न ओळखणारा माणूस सापडणं कठीण, कारण अर्धं इंदोरा त्यांच्याच हातांत पहिल्यांदा रडलेलं. बाळंतपणाच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी आया म्हणून जन्म काढला. नवरा लवकर गेला, पोर एकच, प्रेमिला. तिला उमरेडला दिली. जावई शालिकराम कोळशाच्या खाणीत होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, आठव्या महिन्यात आणायचं, हे सगळं ठरलं होतं. पण सातव्यातच उमरेडला पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्या. शालिकरामनं तार केली. तार दुसऱ्या दिवशी दुपारी हातात पडली आणि कौसल्याबाई पोचल्या तेव्हा बाळ मातीआड झालं होतं. प्रेमिला एवढंच म्हणाली, "आई, तू असती तं..." पुढचं ती बोलली नाही. जगाच्या बाळंतपणाला धावलेली बाई पोटच्या पोरीच्या वेळी मात्र नव्हती. कौसल्याबाई नागपूरला परतल्या, डोळे पुसले आणि थेट सदरला टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन उभ्या राहिल्या. हे साल एक्क्याऐंशीचं.

"नंबर लागला की फोन करून कळवू," कारकून मान वर न करता म्हणाला. "घरचा फोन नंबर सांगा."

"फोन असता तं मी इथं कायले आली असती, साहेब?"

तेव्हा त्यानं मान वर केली. "मग पीपी द्या. शेजारी कोणाकडे असेलच न."

पीपी म्हणजे शेजाऱ्याच्या घरचा फोन. तो वाजला की शेजाऱ्यानं हातातलं काम टाकून तुम्हाला हाक मारायला यायचं. गल्लीत फोन एकच होता, शोभाताईंकडे. त्यांचे यजमान मनोहरराव रेल्वेत होते, त्यांच्या नोकरीपायी घरी फोन आला होता. कौसल्याबाईंनी शोभाताईंचा नंबर सांगितला. तो त्यांना तोंडपाठ होता. त्या तारेनंतर तो शालिकरामलाही लिहून दिला होता.

शोभाताईंकडे त्यांचं रोजचं जाणंयेणं. चहा व्हायचा, दोन घरच्या चुगल्या व्हायच्या. एके दिवशी बघतात तर फोनच्या तबकडीला पितळी कुलूप! असं कुलूप लावलं की बाहेरचा फोन येतो, पण घरातून कोणाला लावता येत नाही. आदल्याच दिवशी कौसल्याबाईंनी तिथून टेलिफोनच्या ऑफिसात चौकशीचा फोन केला होता, तोही विचारून. त्यांना ते कुलूप थेट काळजाला लागलं. विचारावं तर तोंड कशाला उघडायचं, आणि शोभाताईंनी आपण होऊन सांगावं तर त्यांना तरी काय माहीत! कौसल्याबाईंनी कप अर्धा ठेवला आणि त्या दिवसापासून ते फाटक उघडलं नाही. बायकांचे अबोले हे असे. भांडण एका शब्दाचं नाही आणि वर्षं दोन.

पण पीपी तोच राहिला. ही खरी गोम. रोज रात्री अंथरुणावर पडलं की कौसल्याबाई पुन्हा उठून बसत. नंबर लागल्याचा फोन शोभाताईंकडे आला आणि त्या गप्प बसल्या तर? लाइनवाला येऊन आपल्या दाराला कुलूप बघून गेला तर? शेवटी त्या दर महिन्याला सदरच्या चकरा मारू लागल्या.

आणि मग प्रेमिलाला पुन्हा दिवस गेले. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला बसमध्ये बसायचीच मनाई केली. बाळंतपण उमरेडलाच, खाणीच्या दवाखान्यात. कौसल्याबाईंनी लगेच तिकडं जाऊन राहायचं, तर पोरीच्या सासूबाई म्हणाल्या, "कळा लागल्या की बोलावू, आधीपासून येऊन काय करता?" व्याह्याच्या घरी न बोलावता कसं जाऊन बसायचं?

नववा लागला आणि एका दुपारी दारात लाइनवाला उभा! "बाजूच्या बाईंनी सांगितलं, अकरानंतर घरी असता म्हणून." कौसल्याबाईंचं त्या वाक्याकडे लक्षच नव्हतं. काळं यंत्र बुद्धाच्या तसबिरीखाली स्टुलावर बसलं. त्यांनी त्याला झेंडूचा हार घातला आणि त्याच संध्याकाळी नव्या नंबरचं पोस्टकार्ड उमरेडला टाकलं.

फोन मात्र वाजेना.

त्या उचलून बघत. आवाज येई, म्हणजे लाइन चालू. मग वाटे, नेमका आत्ता फोन आला असेल आणि आपणच उचलून ठेवला! की घाईनं खाली ठेवत. ट्रंक कॉल बुक करावा, तर तो मिळेपर्यंत आपली लाइन अडकेल. न्हाणीत गेल्या तरी दार उघडं. बाजार बंद, बुद्धविहारात जाणं बंद. भात करपला तरी स्टुलासमोरून उठेनात. ज्या फोनसाठी एवढी वर्षं तोंड वेंगाडलं, तोच आता त्यांना खायला उठला होता.

एका सकाळी परसदारी धप्पदिशी आवाज झाला. शोभाताई! त्या अंगानं भारी, गुडघे दुखरे, आणि मधल्या बुटक्या भिंतीवरून उतरून आलेल्या, अनवाणी.

"कौसल्याबाई, चाल वं लवकर! उमरेडचा फोन आहे! रिसीव्हर बाजूले ठेवून आली मी!"

कौसल्याबाईंनी आधी आपल्या फोनकडे बघितलं. तो हार घालून गप्प बसला होता. मग धावल्या.

"आई, दवाखान्यात आणलं तिले," शालिकराम घाईघाईनं म्हणाला. "सारखी तुमचंच नाव घेऊन राहिली. निघा."

"नवा नंबर नाही भेटला काय, जावईबापू?"

"कोणता नंबर? आमी क्वार्टर बदललं न महिन्याखाली."

फोन ठेवताना त्यांचं लक्ष कुलपाकडे गेलं. ते अजून होतंच. शोभाताईंनीही ते बघितलं.

"ते? ते आमच्या ह्यायच्या दोस्तायसाठी आणलं होतं. इथं बसून मुंबईले गप्पा मारत. तुह्या मनात काय आलं होतं?"

कौसल्याबाई ते पितळी कुलूप बोटानं चाचपत राहिल्या.

"मी तं तुह्या पोरीले नववा लागला तशी घराबाहेर नाही गेली," शोभाताई म्हणाल्या. "म्हटलं, उमरेडचा फोन आला अन् मी नसली तं? भाचीच्या लग्नाले बी नाही गेली. हे एकटेच जाऊन आले."

कौसल्याबाईंना रडू फुटलं. शोभाताईंनी त्यांना रडू दिलं नाही. "रडशीन मंग. बस चुकते." आणि पदरानं त्यांचं तोंड पुसून त्यांना रिक्षात बसवलं.

या खेपेला त्या पोचल्या. प्रेमिलाचा हात हातात धरून रात्रभर उभ्या राहिल्या आणि उजाडता उजाडता पोरगी झाली, काळीसावळी, ओरडकी. नातीला पुसून आईच्या कुशीत दिल्यावर त्या दवाखान्याच्या फोनपाशी गेल्या. ऑपरेटरनं नंबर विचारला. त्यांनी सांगितला.

"शोभाताई, पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"माय वं! पण इथं कायले केला, तुह्या नव्या फोनवर नाही केला?"

"त्या फोनवर?" कौसल्याबाई म्हणाल्या. "तिथं उचलाले कोण आहे, ताई?"

मग शोभाताई म्हणाल्या, "यापुढं बाहेर जाताना घराची किल्ली माह्याजवळ ठेवत जा."