काचेमागचं बोट

सभागृहाच्या मागच्या भिंतीत, छताला लागून, काचेची एक खोली आहे. तिथे बसून तो सदस्यांचे माइक चालू-बंद करायचा. सगळे त्याला ‘आवाज’ म्हणत. नियम सोपा होता. अध्यक्षांनी नाव पुकारायचं, मग त्याने त्या नावाची कळ दाबायची. पण इतक्या वर्षांत त्याचं बोट नियमाच्या पुढे धावायला शिकलं होतं. कोण उसळून उठणार हे त्याला नुसत्या खांद्यावरून कळे, आणि अध्यक्षांनी नाव घेण्याआधीच तो माइक जिवंत झालेला असे. वार्ताहर खूश असत. भांडणाचा पहिला शब्द कधी वाया जात नसे.

प्रश्नोत्तराचा तास त्याच्या खास आवडीचा. संध्याकाळी जेवताना तो घरच्यांना त्याची नक्कल करून दाखवी. बाक बडवणारे, चष्मा पुसत वेळ काढणारा मंत्री, इतरांना बसा बसा म्हणत स्वतःच उभे राहिलेले अध्यक्ष. मोठी बहीण आलेली असली तर ती पोट धरून हसे. तुझ्या नोकरीला तिकीट लाव रे, म्हणे.

त्या अधिवेशनात मात्र ताईचं हसू आटलं होतं. भावोजींची मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि त्यांच्या गावच्या रुग्णालयातलं डायलिसिसचं मशीन बंद पडलं होतं. दर खेपेला बसने लांबच्या शहरात जायचं. परतताना भावोजी खिडकीला डोकं टेकून बसत, आणि गाव आलं तरी त्यांच्याने उठवत नसे. ताईने त्यांच्या भागातून निवडून आलेल्या सदस्याला गाठलं. तो निवृत्त शिक्षक, हळू बोलणारा. सभागृहात त्याला ‘मास्तर’ म्हणून चिडवत. मास्तरांनी प्रश्न लावला. ताईला फारसा भरवसा नव्हता. तिथे नुसती तोंडं वाजतात, तूच तर दाखवतोस, असं ती भावाला म्हणाली. पण मशीन कधी सुरू होणार, ती एक तारीख तिला स्वतःच्या कानांनी ऐकायची होती. त्याने तिला प्रेक्षकांच्या सज्जाचा पास काढून दिला. भावोजी त्याच्या घरी टीव्हीसमोर बसले.

मास्तर उभे राहिले. मशीन बंद आहे हे खरे आहे काय, त्यांनी वाचून दाखवलं. हे अंशतः खरे आहे, आरोग्यमंत्र्यांनी वाचून दाखवलं; सुटे भाग मागवले आहेत.

‘माझा उपप्रश्न एवढाच आहे,’ मास्तर म्हणाले, ‘की मंत्रिमहोदयांनी तारीख...’

पलीकडच्या बाकावर एक खांदा हलला. तो खांदा सभागृहातल्या सगळ्यात तिखट जिभेचा होता. बोटाने वाट पाहिली नाही. मास्तरांचा माइक बंद, त्याचा चालू.

‘मशीन नादुरुस्त नाही, अध्यक्षमहाराज, मंत्री नादुरुस्त आहेत. आधी त्यांचे सुटे भाग मागवा.’

सभागृहात हशा फुटला. काचेमागे तोही मान मागे टाकून हसला. मग नेहमीचंच सुरू झालं, तुमच्या काळात काय होतं, माफी मागा, शब्द मागे घ्या. त्या सगळ्यात मास्तर उभेच होते. त्यांचे ओठ हलत होते. मंत्र्यांच्या हातात उत्तराची चिठ्ठी होती, ती त्यांनी शांतपणे घडी करून खिशात ठेवली. तास संपला.

हसू ओसरल्यावर त्याची नजर समोर गेली. सज्जातून ताई त्याच्याकडेच बघत होती.

बाहेरच्या जिन्यावर ती भेटली. चिडलेली नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

‘मास्तरांचा आवाज मध्येच कसा रे गेला?’

‘होतं असं गोंधळात,’ तो म्हणाला. ‘त्यांचा आवाजच बारीक.’

ती बरं म्हणाली. घरी येईपर्यंत दोघं इतर गोष्टी बोलले, बसच्या गर्दीबद्दल, तिच्या गुडघ्यांबद्दल.

जेवताना भावोजी खुशीत होते. त्यांनी टीव्हीवर सगळं पाहिलं होतं. काय हाणला त्याने, म्हणाले, आपल्या मशीनचं नाव तरी निघालं. मग मेव्हण्याला म्हणाले, होऊन जाऊ दे आता, तो सुटे भागवाला करून दाखव. पोरंही मागे लागली. त्याने तोंड उघडलं. समोर ताई भावोजींना पाणी मोजून देत होती. त्यांना जास्त चालत नसे.

‘दाखव की,’ ती वर न बघता म्हणाली. ‘मास्तर पण दाखव. ते सोपे आहेत. नुसते ओठ हलवायचे.’

पोरं हसली. थोडी थांबून ती म्हणाली, ‘काचेतून सगळं दिसतं रे. तुझं बोटसुद्धा.’



पुढची गोष्ट अशी की मशीन सुरू झालं. ‘मंत्र्यांचे सुटे भाग’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला, व्यंगचित्रं निघाली, आणि अधिवेशन संपायच्या आत रुग्णालयात माणसं जाऊन ते दुरुस्त करून आली. भावोजी आता चालत जातात, चालत येतात. भांडल्याशिवाय काही मिळत नाही, हे ते येईल त्याला ऐकवतात.  ताई भावाकडे आली तर आधीसारखीच वागते, फक्त प्रश्नोत्तराच्या तासाची गोष्ट विचारत नाही. पोरं विचारतात तेव्हा तो पोटात गडबड आहे म्हणून उठून जातो.

भावोजी म्हणतात ते खोटं नाही. तेच त्याला सोसत नाही. काहीच निष्पन्न झालं नसतं तर निदान ताईसमोर मान खाली घालून बसता आलं असतं.

पुढच्या अधिवेशनात मास्तरांचा एक प्रश्न होता, कुठल्याशा शाळेच्या छपराचा. मंत्र्यांनी उत्तर वाचलं. अंशतः खरे आहे. अध्यक्षांनी मास्तरांचं नाव पुकारलं आणि त्याने, नाव पूर्ण उच्चारून होईपर्यंत थांबून, कळ दाबली. पलीकडे खांदे हलत होते. त्याने दुसरा हात मांडीखाली दाबून धरला.

मास्तर उठले. माइक चालू असल्याचा लाल दिवा त्यांनी पाहिला. त्यांचा श्वास सगळ्या सभागृहात ऐकू आला.

‘उपप्रश्न नाही,’ ते म्हणाले, आणि बसले.

त्याने तो माइक बराच वेळ चालूच ठेवला.