घरातलं एकुलतं मत

अमेरिकेतले दोन उमेदवार टीव्हीवर भांडतात तेव्हा आमच्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. पहाटे तीनला उठून परक्याची भांडणं बघण्याइतकं वेड आम्हाला लागलेलं नाही. ते रविवारी सकाळी दहाला लागतं. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या आमच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग लावायचं, मी पोहे करायचे, आणि तोवर कुणीही बातम्या वाचायच्या नाहीत, असा माझ्या नवऱ्याचा नियम. अर्थात सगळ्यांनी सगळं वाचलेलं असतं, आणि तरी सगळे योग्य जागी "अरे बापरे!" म्हणतात. नवरा तर मोठ्या वाक्याच्या दोन सेकंद आधीच म्हणतो.

मला मात्र त्या दिवसांत डिबेटशी काही घेणंदेणं नव्हतं. माझ्या डोक्यात मुलगी होती. नवऱ्याला कंपनीने कधीकाळी दोन वर्षांसाठी न्यू जर्सीला पाठवलं, ती तिथे जन्मली, आणि चौदा महिन्यांची असताना आम्ही तिला उचलून इथे आणलं. तिचा निळा अमेरिकन पासपोर्ट आम्ही "असू दे, कधीतरी कामाला येईल" म्हणून जपला, जशा मी डाळीच्या रिकाम्या पिशव्या जपते. आता ती अठराची झाली होती, शाळेचं शेवटचं वर्ष, आणि तिने पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी अर्ज करायचं ठरवलं होतं. एक डेल्फ्टला, गाडीने पाऊण तासावर. दुसरा अमेरिकेत. "निर्णय तुझा," असं मी तोंडाने म्हणत होते. खरं सांगते, मनातून मला डेल्फ्टच हवं होतं, आणि तेही रोज घरी जेवायला येण्याच्या बोलीवर.

तर त्या रविवारी नवऱ्याचा कॉलेजपासूनचा मित्र आणि त्याची बायको रॉटरडॅमहून आले. उमेदवारांची नावं घेतली की भांडण फार लवकर पेटतं, म्हणून आम्ही त्यांना उंच आणि बुटका म्हणायचो. मित्र उंचाच्या बाजूचा, नवरा बुटक्याच्या. मित्राची बायको कुणाच्याच बाजूची नाही. ती फक्त कपडे बघते.

"उंचाचा कोट खांद्यात बसत नाहीये," ती म्हणाली.

"अगं, तो अर्थव्यवस्थेबद्दल बोलतोय!"

"बोलू दे की. ज्याला चार माणसांत आरशात बघून जा म्हणणारं कुणी नाही, त्याला अर्थव्यवस्थेतलं तरी कोण काय सांगणार?"

अख्ख्या डिबेटमध्ये एवढं शहाणं वाक्य टीव्हीवरही कुणी बोललं नाही, पण मित्राने तिला गप्प बसवलं आणि स्वतः पडद्यावर ओरडायला लागला. "अरे, प्रश्न काय, उत्तर काय!" नवरा म्हणाला, "तुझ्याच माणसाला विचारतोयस का?" मग दोघे एकमेकांवर तुटून पडले. रेकॉर्डिंग थांबवलं, कारण भांडणाच्या आवाजात डिबेट ऐकू येईना.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारचे डच आजोबा. मित्राने गाडी नेमकी त्यांच्या फाटकासमोर लावली होती. ते तक्रार करायला आले आणि मी सवयीने त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली. आता बशी हातात आल्यावर माणूस तक्रार करणार कशी? ते सोफ्याच्या कडेवर टेकले, मिरची चावली, डोळे पुसले आणि वीस मिनिटं शांतपणे आमच्याकडे बघत राहिले. टीव्हीकडे नाही, आमच्याकडे.

मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, "एक शंका. तुमच्यापैकी मत कोण देणार आहे?"

डच माणसाचा हा गुण की अवगुण मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारायचं ते विचारून मोकळा. अमेरिकेत आम्हाला मत नाही. इथे राष्ट्रीय निवडणुकीत नाही. भारतात यादीत नाव आहे की नाही, देव जाणे. तासभर घसा फोडणाऱ्या दोन पुरुषांकडे मिळून अर्धंही मत नव्हतं.

"पण खेमेन्तेच्या निवडणुकीत तरी?" आजोबांनी विचारलं. खेमेन्ते म्हणजे इथली नगरपालिका. "पाच वर्षं राहिलात की तिथे मत असतं. घरी पत्र येतं ना?"

मित्राचा चेहरा पडला. "ते... जाड कागदाचं पत्र? माझ्या नावाचं?"

"तेच."

"मला वाटलं सुपरमार्केटची जाहिरात आहे. मी कागदाच्या कचऱ्यात टाकलं."

"दोन्ही वेळा," त्याची बायको म्हणाली.

आजोबांनी बशी खाली ठेवली. त्यांना खरंच धक्का बसला होता. आणि तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "इक."

डचमध्ये इक म्हणजे मी. पायजम्यात, केस पिंजारलेले, हातात सिरियलचा वाडगा घेऊन आमची कन्या उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये किंवा इंग्रजीत येतं. "मी देणार आहे मत," ती पुन्हा म्हणाली, इंग्रजीत. "मी अमेरिकन आहे."

मी अमेरिकन आहे! अठरा वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. बाकीच्यांच्या मात्र डोळ्यांत एकदम चमक आली.

त्यानंतर जे झालं त्याला तोड नाही. जो मित्र आदल्या दिवाळीत तिला "काय गं, मोबाइलमधून मान वर कर जरा" म्हणाला होता, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ये बाळा, बस. इथे बस, उशी घे." नवऱ्याने तिचा वाडगा स्वतःहून भरून आणला. हा माणूस मी तापाने फणफणले असतानाही दूध कुठे ठेवतेस असं विचारतो! मित्राच्या बायकोने आमच्यासाठी आणलेला नारळाच्या वड्यांचा डबा सरळ पोरीच्या मांडीवर ठेवला.

"ही तर लाच झाली," आजोबा म्हणाले.

"नाही नाही, हा पाहुणचार," नवरा म्हणाला.

मग दोघांनी तिच्यासमोर आपली डिबेट मांडली. एकाने उंचाची बाजू घ्यायची, दुसऱ्याने बुटक्याची. दोन-दोन मिनिटं, वेळ मोजायला माझा कुकरजवळचा टायमर. मित्र उत्पादन क्षेत्रावर बोलला, नवरा व्हिसावर. टायमर वाजला तरी मित्र थांबेना, तेव्हा पोरीने टीव्हीचा रिमोट त्याच्या दिशेने धरून म्यूट दाबलं. आणि काय सांगू, पन्नाशीला आलेला माणूस, एका वाक्याच्या मध्येच खरोखर गप्प झाला.

"काका, तुम्ही शेवटचं मत कधी दिलं?" तिने विचारलं.

तो अजूनही म्यूटच होता. बायकोने उत्तर दिलं, "लग्नाआधी. आणि तेव्हाही शाई लावून घ्यायची हौस म्हणून."

मी हसत होते, नाही असं नाही. पण बघत होते पोरीकडे. ती फुलली होती. आमच्या घरात तिला कधी कुणी एवढं विचारलं नव्हतं; आम्ही सांगतो, ती ऐकते. त्या लांबच्या देशाने तिला एका सकाळीत मोठं केलं होतं, आणि मला त्या देशाचा राग येत होता. इतका की उंच पडला काय, बुटका पडला काय, दोघेही पडावेत असं वाटलं.

दुपारी बाराच्या सुमारास मित्राने फोनवर शोधून काढलं की तिचं मत न्यू जर्सीत धरलं जाणार, आणि तिथला निकाल सगळे जण आधीच सांगून मोकळे झालेत. "म्हणजे हिच्या मताने काहीच फरक पडत नाही?" तो म्हणाला. वड्यांचा डबा त्याने हळूच स्वतःकडे ओढला.

पोरगी म्हणाली, "मला पडतो," आणि लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. परदेशातून मत द्यायचं तर आधी एक फॉर्म भरावा लागतो. नाव, जन्मतारीख, सगळं भराभर झालं. मग ती थांबली.

"इथे चौकोन आहेत. एकात खूण करायची," ती म्हणाली आणि वाचून दाखवलं. पहिला चौकोन: मी देशाबाहेर राहते आणि परत येण्याचा माझा विचार आहे. दुसरा: मी देशाबाहेर राहते आणि परत येण्याचं नक्की नाही.

झालं. सगळे टेबलाभोवती. मित्र म्हणाला, "पहिलं कर. परत येणार म्हटलं की वजन पडतं." नवरा म्हणाला, "छे छे, टॅक्सची भानगड मागे लागायची, दुसरं कर." मित्राची बायको म्हणाली, "मोघम काही नाही का त्यात?" आजोबांनी चष्मा लावून स्क्रीन बघितली आणि ते म्हणाले, "खरं असेल ते लिही." पुन्हा सगळे एकदम बोलायला लागले, परत येणार, नाही येणार, परत, परत, परत...

"बास!" मी ओरडले. हातातला झारा मी टेबलावर आपटला होता हे मला नंतर कळलं. "काय परत परत लावलंय? चौदा महिन्यांचं पोर होतं ते, दात नव्हते नीट आले! कुठे परत जायचंय तिला? मला नको आहे ती जायला. कळलं? मला नको आहे. डेल्फ्ट काय वाईट आहे?"

गेले कित्येक महिने "निर्णय तुझा" म्हणणारी बाई ती हीच. आजोबांना मराठीचं अक्षर कळत नाही, पण त्यांनी उठून खुर्चीवर अडकवलेला आपला कोट घेतला. मित्राच्या बायकोने मित्राला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

मला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं. पोरीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आणि ती बोलली ते मराठीत. अडखळत, क्रियापदं शोधत, पण मराठीत.

"आई, मी डेल्फ्टचा अर्ज भरणार नाहीये. मी जाणार आहे."

मी मान हलवली. मला माहीत होतं, खूप दिवसांपासून माहीत होतं.

"पण ते परत जाणं नाही," ती म्हणाली. "तिथे मी फक्त जाणार. परत तर मी इथे येणार ना. तुझ्याकडे."

मग तिने दुसऱ्या चौकोनात खूण केली. पुढचा रकाना न्यू जर्सीतल्या जुन्या पत्त्याचा होता, आणि तो तिला कुठून माहीत असणार? तिने माझ्याकडे बघितलं. अपार्टमेंटचा नंबर, रस्ता, शेवटी तिथला पिनकोड, सगळं मला तोंडपाठ होतं. नाक पुसून मी एकेक आकडा सांगत गेले आणि ती लिहीत गेली.