चिमणीच्या वॉर्डात दिलेली मुलगी

मानसशास्त्र विभागातली मुलं आपल्या या प्राध्यापिकेला पाठीमागे सोयरीकबाई म्हणत. शेवटच्या वर्षाच्या प्रशिक्षणार्थींना कोणत्या रुग्णालयात, कोणत्या शाळेत, कोणत्या व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायचं हे तिने ठरवायचं, तिथल्या डॉक्टरांचे रुसवेफुगवे तिने काढायचे आणि दर आठवड्याला त्या मुलांना समोर बसवून त्यांच्या पेशंटबद्दल बोलतंही तिनेच करायचं. हे नाव तिच्या कानावर आलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं. "स्थळं जमवते मी," ती नवऱ्याला सांगायची, "मोडलं की शिव्या मात्र दोन्हीकडून खाते."

तिच्याकडचं सगळ्यात चांगलं स्थळ म्हणजे मोठ्या रुग्णालयातला मानसोपचार वॉर्ड. तिथली मुख्य मानसशास्त्रज्ञ तिची वर्गमैत्रीण होती. अंगाने लहानखुरी आणि बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून कॉलेजात हिनेच तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. वॉर्डातल्या त्या नोकरीसाठी दोघींनी अर्ज केला होता. चिमणीची निवड झाली तेव्हा हिने तोंडभरून कौतुक केलं आणि घरी येऊन वाळलेले कपडे पुन्हा धुवायला घेतले. पुढे हिला विभागात जागा मिळाली, संसार झाला, तो विषय मागे पडला. निदान तिला तसं वाटत होतं.

त्या वर्षी एक उंच मुलगी आली. बोलायची कमी, पण समोरचा गप्प झाला तर ती गडबडून जायची नाही. सोयरीकबाईंनी तिला मनापासून शिकवलं. पेशंट रडायला लागला की लगेच पाण्याचा ग्लास पुढे करू नये, सांत्वनाची घाई करू नये, आपला प्रश्न फसला तर तसं सांगून मोकळं व्हावं. मग तिला चिमणीच्या वॉर्डात पाठवलं, चांगल्या घरी मुलगी द्यावी तसं.

मुलीला तिथे एक बस ड्रायव्हर पेशंट म्हणून मिळाला. उतारावर त्याची बस घसरून अपघात झाला होता. कोणी दगावलं नव्हतं, पण तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला की त्याचे हात थरथरायचे.

"त्याला आधी श्वासाचे व्यायाम शिकव," सोयरीकबाई म्हणाल्या.

"मी विचारलं होतं, मॅडम. वॉर्डातल्या मॅडम म्हणाल्या, सध्या नको. आधी डेपोत उभ्या बसमध्ये त्यांना नुसतं बसू दे, तू शेजारी बस. काल बसलो आम्ही. काका पहिल्यांदाच हसले."

सल्ला बरोबर होता. सोयरीकबाईंना तेच लागलं. चुकीचा असता तर चिमणीला फोन करून चार शब्द सुनावता आले असते.

मग दर आठवड्याला तेच. वॉर्डातल्या मॅडम असं म्हणाल्या, वॉर्डातल्या मॅडमनी तसं करून दाखवलं. एके दिवशी उत्तर देण्याआधी मुलीने मान जराशी कलती केली. ती लकब चिमणीची होती. आपण इतकं शिकवलं ते हिच्या अंगात कुठे दिसत नाही आणि तिकडे चार महिन्यांत मान वाकडी करायला शिकली, असं सोयरीकबाईंच्या मनात आलं आणि दिवसभर तेच घोळत राहिलं.

"आज भाजीवर राग आहे का?" नवऱ्याने जेवताना विचारलं. तो गणिताचा शिक्षक होता, कमी शब्दांत बोलायचा. "मिठाचा पत्ता नाही."

"घ्या की वरून."

"चिमणीचा फोन आला होता वाटतं," तो म्हणाला आणि मीठ घ्यायला उठला.

पुढच्या आठवड्यात सोयरीकबाईंनी उंच मुलीची वॉर्डातून एका शाळेत बदली केली. सगळ्यांना सगळ्या प्रकारचा अनुभव मिळायला हवा, असं कारण दिलं. कारण खोटं नव्हतं, म्हणून सांगताना जीभ अडखळली नाही.

"ड्रायव्हरकाकांचं अर्ध्यावर आहे, मॅडम."

"दुसरा मुलगा बघेल."

मुलीने वही मिटली. "बरं," म्हणाली.

काही आठवडे सोयरीकबाईंना हलकं वाटलं. शाळेतल्या पोरांबद्दल मुलगी त्यांनाच विचारायची, मध्ये कोणी नव्हतं. मग चिमणीचा फोन आला.

"तो बस ड्रायव्हर यायचा बंद झालाय. नवा चेहरा बघितला, दोनदा आला, मग नाहीच. मुलीला अर्ध्यातून का काढलंस?"

"मुलांना फिरवायचा नियम आहे."

"नियम तुझाच आहे ना? मग तूच मोड," चिमणी म्हणाली. "माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढ. तो माणूस कशाला मध्ये?"

सोयरीकबाईंनी फोन ठेवला. चिमणीने ओळखलं होतं, याचीच जास्त चीड आली. तरी दुपारी त्यांनी मुलीला बोलावलं.

"बदली मी शिक्षणासाठी केली नव्हती," त्या म्हणाल्या. "तू सारखं वॉर्डातल्या मॅडमचं नाव घेत होतीस. मला हेवा वाटला."

"मग मी काकांकडे जाऊ शकते का?" मुलीने विचारलं. बाकीच्यात तिला रस दिसला नाही.

दोघी ड्रायव्हरच्या घरी गेल्या. त्याने दार उघडलं, खुर्च्या पुढे ओढल्या. बायको पाणी घेऊन आली आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुम्ही सोडलंत तेव्हा म्हटलं, आपलं काही खरं नाही," तो मुलीला म्हणाला. "हिला बोललो, मॅडमनी पण हात टेकले."

मुलगी काही बोलणार तोच सोयरीकबाई पुढे झाल्या. "तिने नाही सोडलं. मी काढलं तिला. चूक माझी होती, तुमच्या तब्येतीशी त्याचा संबंध नव्हता."

"असं होय," तो म्हणाला. बायकोनेच पुढच्या भेटीचा वार ठरवून टाकला.

तो परत येऊ लागला. रस्त्यावर बस त्याने पुन्हा काही चालवली नाही. डेपोच्या आवारात गाड्या धुवायला नेणं, रांगेत लावणं एवढं काम त्याने मागून घेतलं आणि त्यात रमला. उंच मुलगी परीक्षा होऊन चिमणीच्याच वॉर्डात नोकरीला लागली. निरोपाच्या कार्यक्रमात तिने आधी चिमणीचे आभार मानले, मग सोयरीकबाईंचे. सोयरीकबाईंनी टाळ्या वाजवल्या. पोटात दुखायचं ते दुखलंच.

पण घरी जाताना त्यांना एक गोष्ट लख्ख कळली. मुलगी चिमणीकडे गेली याचं दुःख होतंच, पण चिमणी अजून पेशंटसमोर बसते आणि आपण कित्येक वर्षांत बसलो नाही, याचं जास्त होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन लावला.

"आठवड्यातून एक दुपार मला वॉर्डात पेशंट देशील का?"

पलीकडे चिमणी चक्क गप्प झाली. "खोली लहान आहे," ती शेवटी म्हणाली. "पंखा आवाज करतो."

"चालेल."

"आणि महिन्यातून एकदा आपण दोघी बसू. तुझ्या केसबद्दल तू बोलायचं, माझ्या केसबद्दल मी."

"आधी तू बोलायचं," सोयरीकबाई म्हणाल्या.