न दिलेली हाक

ब्रॅकन या नेच्याचं कोवळं पान चुरगळलं की बोटांना एक कडवट, ओलसर वास लागतो, आणि त्या वासाने आजही माझ्या छातीत धडधडायला लागतं.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासचे दिवस. रावेरकडच्या केळीच्या मळ्यातून कॉलेजात गेलेला, आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, ते चारचौघांत सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. सातपुड्यातल्या अभयारण्यातील नेच्यांचे नमुने गोळा करून नोंदवण्याचं काम कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी माझ्यावर सोपवलं होतं. सोबतीला वनखात्याचे वॉचर तुका आबा. "बी.एस्सी. झाला, अन् चाराच गोळा करतं का रे?" असं म्हणत ते रद्दीत दाबलेल्या पानांचं माझं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेत.

आश्विन सरत आला होता. डोंगरउतारावरच्या उन्हाला पिकल्या गवताचा रंग चढला होता. नाल्यातली सावली मात्र अजून हिरवी, गार होती. तिथेच खाली, खडकांच्या बेचक्यात, ब्रॅकन दिसला. नमुना जमिनीखालच्या खोडासकट हवा, हा सरांचा दंडक. उतरायचं मीच होतं. पण काठावरच्या ओल्या मातीत अस्वलाचे ताजे पंजे उमटलेले, आणि माझं पाऊल काही केल्या पुढे पडेना. आबांनी माझ्या हातातलं खुरपं घेतलं आणि ते खाली गेले.

ते वाकून माती उकरत असताना त्यांच्या पाठीमागची करवंदीची जाळी हलली. काळं, केसाळ धूड बाहेर आलं, त्यांच्यापासून वीसेक पावलांवर. 'आबा', दोनच अक्षरं. पण जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. खुरप्याचा आवाज थांबला. अस्वलाने नाक वर उचललं, युगभर तसंच धरलं, आणि मग ते सावकाश नाल्याच्या वरच्या अंगाला निघून गेलं.

आबा हातभर काळं खोड आणि अखंड पान घेऊन वर आले. "वास आला व्हता मले त्याचा. म्हून हाललो नाही. अन् तू वरडला नाही, हे लय बेस केलं, भाऊ. वरडला असता तं बिचकून माह्याच अंगावर आलं असतं."

मी मान डोलावली.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी नमुन्याची चिठ्ठी लिहिली: जात, जागा, उंची, तारीख, आणि संग्राहक म्हणून आबांचं नाव. तेवढं खरं लिहिता आलं. आत ते त्यांच्या बायकोला, अक्कांना, सांगत होते, "शिकेल मानसाचं डोकं कितीक थंड रायतं, पाह्य!" अक्कांनी मोठ्या कौतुकाने मला चहा आणून दिला. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा गप्प राहिलो. आणि या वेळी तर अस्वलही नव्हतं.