सूर्यावरचे डाग पाहायला आम्ही वर्ध्याला गेलो

"सर, सुर्यावर डाग हायेत म्हन्ते, खरं हाये काय?" सातवीतल्या मित्रा नावाच्या मुलीच्या या प्रश्नापायी आमची सहल ठरली. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या एका कॉलेजात रविवारी दुर्बिणीतून सूर्य दाखवणार होते. वर्गातल्या मुली आणि मी, असा लवाजमा सकाळीच समुद्रपूरच्या स्टँडवर हजर झाला.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: आम्ही हिंगणघाटला एसटी बदलली. मुलींना अर्धं तिकीट, खिडकीसाठीची भांडणं फुकट. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वर्ध्याला उतरल्यावर तर्री-पोहे जरूर खा, पण पांढरा शर्ट घालून खाऊ नका. मी घातला होता. पुढे ऑटो मिळतात.

निघाल्यापासून मी एकच काम करत होतो, फोटो काढायचं. चढताना, उतरताना, पोहे खाताना. शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो पडला नाही तर उपक्रम झालाच नाही, अशी आमची रीत. मुलीही तयार झालेल्या. मोबाइल वर गेला की आपोआप दात दिसायचे.

कॉलेजच्या गच्चीवर खास काच लावलेली दुर्बीण होती. एकेक मुलगी डोळा लावून "अगं माय!" म्हणत होती. मित्रा मुद्दाम शेवटी थांबली, तिला सावकाश पाहायचं होतं. ती स्टुलावर चढली, वाकली, आणि मी ओरडलो, "मित्रा, इकडे!"

ती वळून हसली. "झाला काय फोटो, सर?"

"झाला."

ती उतरली.

"काऊन उतरली वं तू?" मैत्रिणीनं विचारलं.

"सरनं झाला म्हनलं ना."

झाडं लावताना, पुस्तकं वाटताना, फोटो झाला की बाजूला व्हायचं, हे तिला मीच शिकवलं होतं. तिला परत चढवेपर्यंत सूर्य ढगाआड गेला. परतीच्या गाडीची वेळ होईस्तोवर आम्ही माना वर करून थांबलो. ढग काही हलला नाही.

समुद्रपूरला तिचे बाबा घ्यायला आले होते. "जय भीम, सर! लय उपकार झाले. काय पाह्यलं वं बाई?"

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. "डाग पाह्यले, बाबा. काळे काळे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं माझी लाज राखली होती, आणि मी "हो, हो" म्हणत उभा राहिलो.

तुम्ही शिक्षक असाल तर मुलांना जरूर न्या. वर्गात फळ्यावर काढलेला सूर्य कुणाला "अगं माय" म्हणायला लावत नाही. फक्त मोबाइल पिशवीत राहू द्या. घरी आलो तेव्हा ग्रुपवर माझ्या फोटोखाली अंगठेच अंगठे होते. त्यात मित्रा छान हसते आहे, दुर्बिणीकडे पाठ करून.

सोमवारी ती हळूच टेबलाशी आली.

"सर, डाग किती होते जी? बाबा इचारून राह्यले."

दुर्बिणीला डोळा मीही लावला नव्हता.