पंचनाम्यातला पांढरा बैल

परवा इथं जमशेदपूरला, मुलाच्या नोकरीच्या गावी, डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी एक कागद पुढं आला. मुलगा म्हणाला, बाबा, नुसती सही करायची, सगळेच करतात. मी म्हणालो, आधी कुणीतरी वाचून दाखवा. तिथल्या नर्सबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी हिंदीत सगळं वाचलं. मुलगा शरमला. वाचण्यात मी काय शोधतोय, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी बैल शोधत होतो.

मी सांगोल्याकडचा. पाचवीत शाळा सुटली ती मेंढरांमागं, आणि मेंढरं विकल्यावर सोलापूर गाठलं. नवी पेठेत एका शिंप्याकडं काज-बटणं करायचो. बायको गावाकडं, आणि मनात कायम धाकधूक. मालक हाकलेल, खोलीवाला हाकलेल, मग गावात कुठल्या तोंडानं जायचं? खाकी रंग नुसता दिसला तरी सुई बोटात जायची.

एका दुपारी हवालदार दुकानात आले. पेठेतल्या एका कापडवाल्याचं लुगड्यांचं गाठोडं चोरीला गेलं होतं आणि संशय होता त्याला माल पोचवणाऱ्या एका विणकरावर. घराची झडती घ्यायची, तर दोन पंच हवेत. सही येते न्हवं, मग चल, म्हणाले. दुसरा पंच कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला.

विणकराची एकच खोली, अर्धी मागानं भरलेली. खोलीत काही मिळालं नाही. बाहेरच्या बोळात चार घरांचा मिळून फळ्यांचा एक माळा होता, सरपण नि सुताची पोती ठेवायचा. गाठोडं निघालं ते तिथनं. मी खालीच उभा होतो, धूळ माझ्याच डोळ्यांत गेली. पण हवालदार पुटपुटत लिहायला लागले ते असं, की गाठोडं आरोपीच्या राहत्या खोलीतल्या माळ्यावर मिळालं. हात सवयीनं चालला असावा. माणूस वाईट नव्हता. विणकर बायकोला तेलुगूत काहीतरी समजावत होता. त्या एका ओळीवर त्याला बेड्या पडणार, एवढं मलाही कळत होतं. तरी मी सहीला हात पुढं केला.

तेवढ्यात फौजदार आले. स्वातंत्र्यानंतर लगेच पोलिसात लागलेले, अंगानं काटक. हाताखालच्यांनी केलेला पंचनामा स्वतः मोठ्यानं वाचल्याशिवाय कुणाची सही घेत नाहीत, ही त्यांची पेठेत ख्याती होती आणि चेष्टाही. मागाच्या कडेला टेकून ते वाचू लागले. दर वाक्याला "बरोबर?" विचारायचे आणि आम्ही दोघं "व्हय साहेब" म्हणायचो. माळ्याची ओळ आली, तिलाही व्हय म्हणालो. मग त्याच आवाजात ते म्हणाले, "खोलीच्या मधोमध एक पांढरा बैल बांधलेला दिसला. बरोबर?"

"व्हय साहेब."

विणकराच्या बायकोनं डोळ्यांवरचा पदर काढून खोलीत बघितलं.

फौजदार हसले नाहीत. "दाखव मला बैल."

"बैल न्हाय, साहेब."

"मग व्हय का म्हणालास?"

"भ्या वाटलं."

"कुणाचं?"

खरं तर सगळ्यांचंच. पण तोंडातनं निघालं, "तुमचं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मागावर ठेवली. "फौजदार तितं ठेवलाय. आता माझ्याशी बोल. गाठोडं कुटनं निघालं?"

मी त्यांना बोळात नेऊन फळी दाखवली. मग पानपट्टीवाल्यालाही आठवलं. ओळ खोडून नवी लिहिली गेली आणि खोडलेल्या जागी आमच्या सह्या झाल्या. माल चार घरांच्या माळ्यावरचा, त्यासाठी एकट्याला उचलून नेता येईना. विणकर घरीच राहिला. चोर कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कापडवाल्यानं वरपर्यंत तक्रार केली आणि फौजदारांना बोलणी बसली म्हणतात.

आता मालक मला काढणार, हे मी धरूनच चाललो होतो. कापडवाला आमच्या मालकाच्या रोजच्या उठण्याबसण्यातला. दुसऱ्या दिवशी मालक काही बोलायच्या आत फौजदार दुकानात हजर. खिशाचं बटण तुटलंय, म्हणाले. अंगावरचं कापड शिवू नये म्हणतात, पण त्यांनी शर्ट काढला नाही. बटण लागल्यावरही अर्धा तास बाकड्यावर बसून चहा प्यायले. ते पेठ बघत होते, पेठ त्यांना बघत होती. बटणाचा दोरा झिजलेला नव्हता. पात्यानं कापावा तसा सरळ तुटला होता. काज-बटणं करणाऱ्याला हे कळतं. मालकानं तो विषय कधीच काढला नाही.

निवृत्त झाल्यावर फौजदारांनी वस्तीतल्या शाळेचा व्हरांडा संध्याकाळपुरता मागून घेतला. माग चालवणारे, हमाल, मी, अशी संसारी माणसं पाट्या घेऊन बसायचो. मी धड वाचायला शिकलो ते तिथं. ते पेपर वाचायचे नि मधेच सांगायचे, पाणी एक दिवसाआड येईल आणि टाकीत पांढरा बैल पोहायला सोडण्यात येईल. पेंगणारा व्हय म्हणायचा, बाकीचे हसून लोळायचे. सगळ्यांत आधी बैल पकडायचा तो विणकर. नळावरची भांडणं, सणातल्या मिरवणुकांच्या वाटांचे तंटे, सगळं त्या व्हरांड्यात मिटायचं. दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहून घ्यायचे आणि दोघांनाही वाचून दाखवायचे. रागीट मात्र लई. उशीर झाला तर पिकल्या केसांच्या माणसालाही उभं करायचे. घरातली माणसं त्यांच्यापुढं कमी बोलायची, ते मला कधी बरं वाटलं नाही.

सोलापूर सोडून मुलाकडं निघताना फौजदारांचा निरोप घ्यायला गेलो, तेव्हा त्यांना दिसेनासं झालं होतं. घराच्या वाटणीचा कागद पुढं होता आणि त्यांचा मुलगा म्हणत होता, अण्णा, नुसती सही करा. त्यांनी चाचपडत कागद माझ्याकडं सरकवला. "तू वाच."

चार पानं वाचली, दर वाक्याला थांबून. ते मान हलवत नव्हते, "बरोबर" म्हणत होते. एका ठिकाणी "परत वाच" म्हणाले. संपल्यावर विचारलं, "बैल घातला न्हाईस?"

"तुमच्या कागदात कसा घालू, साहेब?"

"मग सही कुटं करायची ते दाखव."

मी त्यांचं बोट धरून रेघेवर टेकवलं. त्यांनी तिथं सही केली.