गुडघ्यासाठी काढलेली सहल

निसर्गाच्या सान्निध्यात पायी चालताना माणसाला स्वतःची भेट होते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. परभणी जिल्ह्यात त्याआधी मोटारसायकलवाला भेटतो.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गुडघा बदलून दोन महिने झाले होते. रोज अर्धा तास चालले नाहीत तर तो आखडेल आणि मग शेताचा बांध चढणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आपल्या रानात परत जायचं, एवढंच अण्णांच्या मनात होतं. पण शहरात माझ्या घराभोवती चालायला ते तयार नव्हते. "रिकामं काय हिंडायचं?" हा त्यांचा प्रश्न. आयुष्यभर कामाशिवाय पाऊल न टाकलेल्या माणसाला यावर काय सांगणार? म्हणून मी जानेवारीत ताडकळसमार्गे पालमपर्यंत गाडीने सहल काढली. जागा चांगली दिसली की उतरायचं, थोडं चालायचं.

ताडकळसच्या पुढे बाभळींची सावली बघून त्यांना उतरवलं. मी गाडी बाजूला लावेपर्यंत एक मोटारसायकल थांबली, गाडी बंद पडली का अशी चौकशी झाली आणि अण्णा मागे बसून दिसेनासे झाले. पुढच्या फाट्यावर चहा पिताना सापडले. कुणी आपणहून बसा म्हटल्यावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, असं त्यांनीच मला समजावलं.

गोदावरीच्या पुलाअलीकडे मी सावध होते. दुसरा मोटारसायकलवाला थांबताच सांगून टाकलं, ते मुद्दाम चालताहेत, तब्येतीसाठी. त्याने गाडीकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, गाडी तुमची अन् म्हातारं माणूस पायी?"

अण्णांनी चेहरा शक्य तितका दीनवाणा केला आणि त्याच्या मागे बसून पूल ओलांडला. नदी बघायची राहूनच गेली.

पालम जवळ आलं तेव्हा मी नाद सोडला होता. तेवढ्यात अण्णांनी गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याकडेच्या हरभऱ्यात मधेच पिवळे पट्टे दिसत होते. काठी गाडीतच राहिली. ते बांध चढून आत गेले, शेतमालक बाजेवरून उठून आला आणि कधी एकमेकांचं तोंड न पाहिलेली ती दोन माणसं रोपं उपटून मुळं बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मी बांधावर बसून घड्याळ बघत होते. मधूनमधून निसर्गही.

अण्णा आले तेव्हा मी म्हटलं, आज पन्नास मिनिटं चाललात.

"चाललो कुठं? हरभरा बघायलो की."

हे ते शेतमालकाच्या मोटारसायकलवर मागे बसून म्हणाले. तो त्यांना आमच्या गाडीपर्यंत सोडायला निघाला होता. गाडी साठ पावलांवर उभी होती.